सांभाळण्याचा माहितीपट : अल्झायमर झालेल्या आईवडिलांचं चित्रीकरण कसं करावं

घरात अल्झायमर आला की फोनमध्ये व्हिडिओ साचू लागतात. काही डॉक्टरांना दाखवायला काढलेले असतात, काही परदेशातल्या भावाला परिस्थिती पटावी म्हणून. आई एखाद्या सकाळी अचानक पूर्वीसारखी खळखळून हसली, म्हणून काढलेलाही एखादा असतो. वर्ष-दीड वर्षानं कोणीतरी म्हणतं, ‘एवढं सगळं आहे तर याची फिल्म कर ना.’ त्या ‘कर ना’च्या पुढचं काम कसं करायचं, ते इथे सांगतो आहे.

मी माहितीपटांचं संकलन करतो. असं घरगुती चित्रीकरण भरलेल्या हार्डडिस्क माझ्या टेबलावर येतात आणि बहुतेकींत एकच गोष्ट गायब असते. पेशंट सगळीकडे दिसतो, सांभाळणारं माणूस कुठेच दिसत नाही. मुलगी कॅमेऱ्यामागे, सून स्वयंपाकघरात, सांभाळायला ठेवलेली मावशी चौकटीच्या कडेला अर्धी कापलेली. आणि मधोमध बावरलेली आई.

म्हणून आधीच सांगून टाकतो : फिल्म आजाराची करू नका, सांभाळण्याची करा. हा आजार कुठल्या दिशेनं जाणार हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटातच कळलेलं असतं. उत्सुकता उरते ती सांभाळणाऱ्यांची. ते चिडतील का, हरतील का, भावंडं एकत्र राहतील का, कोण बदलेल? भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असावा, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘लासी-डॅड’ हा अभ्यास सांगतो. त्यातल्या बहुतेकांना सांभाळतं ते घर. ते घर पडद्यावर फार कमी दिसतं.

कॅमेऱ्याच्या आधी डॉक्टर

निदान झालेलं नसेल तर आधी न्यूरोलॉजिस्टकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. थायरॉईडचा त्रास, बी-१२ची कमतरता आणि नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो, आणि त्यावर उपचार आहेत. ‘म्हातारचळ लागलाय’ म्हणून घरच्यांनी सोडून दिलेल्या माणसाची फिल्म करत बसणं हा गुन्हाच म्हणायचा.

आधी बघा, आणि तेही दोनदा

कॅमेरा हातात घेण्याआधी चार-पाच माहितीपट बघा. पहिल्यांदा घरच्यांसोबत, नेहमीसारखे. दुसऱ्यांदा एकट्यानं, वही घेऊन. दुसऱ्या वेळी फक्त तीन गोष्टी टिपा : कॅमेरा कोणाच्या हातात आहे, चौकटीत कोण आहे, आणि काय दाखवलेलं नाही.

सुरुवात डेबोरा हॉफमनच्या ‘कम्प्लेंट्स ऑफ अ ड्यूटीफुल डॉटर’पासून करा. १९९४ची ही अमेरिकन फिल्म ४४ मिनिटांची आहे आणि तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. डेबोराच्या आईला, डोरिसला, अल्झायमर आहे. पण फिल्मचा मोठा भाग मुलगीच कॅमेऱ्यासमोर बसून बोलते, तेही गंमतीदार सुरात. सुरुवातीला ती आईची प्रत्येक चूक सुधारत राहते. हळूहळू तिच्या लक्षात येतं की खरं काय हा आपला हट्ट आहे, आईला त्याची गरज नाही. तो हट्ट ती सोडते आणि दोघींचं नातं सैलावतं. आई मात्र बरी होत नाही. आजाराची फिल्म आणि सांभाळण्याची फिल्म यांतला फरक याहून स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेला नाही. आणखी एक गोष्ट वहीत लिहा : कॅमेरा होता डेबोराच्या जोडीदाराच्या, फ्रान्सेस रीडच्या हातात. त्यामुळे मुलीला चौकटीत यायला मोकळीक मिळाली.

मग जपानी दिग्दर्शिका नाओको नोबुतोमोची २०१८ची फिल्म बघा. मुलगी तोक्योत नोकरी करते, आईवडील हिरोशिमा प्रांतातल्या कुरे गावी. आईला अल्झायमर झाल्यावर नव्वदी ओलांडलेले वडील घरकाम शिकतात आणि बाहेरच्या मदतीला नाही म्हणत राहतात. मुलगी गावी आली की चित्रीकरण करते. मुलं पुण्या-मुंबईत आणि आईवडील सावंतवाडीत किंवा लातुरात असलेल्यांना ही फिल्म जरा जास्तच जवळची वाटेल. ‘आमचं आम्ही बघू’ म्हणणारे वडील आपल्याकडेही घरोघरी आहेत.

जर्मनीतल्या डेव्हिड झीवेकिंगनं २०१२च्या फिल्ममध्ये वेगळी वाट धरली. आईला सांभाळून थकलेले वडील विश्रांतीसाठी स्वित्झर्लंडला जातात आणि तेवढे दिवस मुलगा आईजवळ राहतो. सांभाळणाऱ्याला सुट्टी देण्याची ही गोष्ट पुढे आईवडिलांच्या लग्नाची गोष्ट होते. तुमच्या फिल्मलाही अशी एक साधी, ठोस चौकट सापडली तर बघा : ‘ताई दोन आठवडे जर्सीहून आली तेव्हा’, ‘मावशी गावी गेली तो महिना’, ‘बाबांना नाशिकहून आमच्याकडे आणलं तेव्हा’. ‘आईचा अल्झायमर’ ही चौकट होत नाही, ती फार मोठी पडते.

कर्स्टन जॉन्सनची ‘डिक जॉन्सन इज डेड’ (२०२०) शेवटी ठेवा. स्मृती हरवू लागलेल्या वडिलांच्या मरणाचे खोटे प्रसंग ती त्यांच्याच सहभागानं, स्टंटवाल्यांना बोलावून रचते. वडील स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि त्यांना मजा येते आहे. आधी ही बघितली तर सगळे तिची नक्कल करायला जातात. तुमचे बाबा डिक जॉन्सन नसतील.

मराठी प्रेक्षक इथे ‘अस्तु’चं नाव घेणारच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या त्या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेले संस्कृत पंडित उभे केले आहेत. जरूर बघा, पण तो कथापट आहे. तिथे नटानं होकार दिलेला असतो आणि कट म्हटल्यावर त्याला घरी जाता येतं. आपल्या कामात हीच सगळ्यात मोठी अडचण आहे.

होकार : एकदा घेऊन संपत नाही

आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर आजच विचारा. कॅमेरा लावून, साध्या भाषेत, आणि इतर कोणी मध्ये न बोलता. ‘आई, तुझ्या विसरण्याबद्दल मी एक फिल्म करणार आहे. लोक बघतील. चालेल का तुला?’ मग पुढचे प्रश्न : कोणी बघितलेलं चालणार नाही? काय दाखवायचं नाही? तू पुढे बोलू शकली नाहीस तर तुझ्या वतीनं कोणी ठरवायचं? ही उत्तरं फिल्ममध्ये आली नाहीत तरी पुढे तुम्हाला वाट दाखवतात. आई ‘मला केस न विंचरता दाखवू नको’ म्हणाली असेल, तर दोन वर्षांनंतरही तो शब्द पाळायचा.

आजार पुढे गेला असेल तर तोंडी ‘हो’ला फार अर्थ उरत नाही. मग शरीराकडे बघा. मान फिरवणं, पदर किंवा चादर तोंडावर ओढणं, उठून जाणं, साडीची निरी चाळवत राहणं, हा नकार आहे. कॅमेरा खाली ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, नव्यानं. कालचा होकार आईला आठवत नसतो, म्हणून तो आज वापरता येत नाही.

चिलीच्या माइते अल्बेर्दीच्या ‘द एटर्नल मेमरी’मध्ये (२०२३) हा प्रश्न छान सुटलेला दिसतो. त्यात सांभाळणारी बायको आहे, मूल नव्हे, पण धडा तोच. आउगुस्तो गोंगोरा पत्रकार होते. पिनोशेच्या हुकूमशाहीत लोकांची दुःखं लपूनछपून चित्रित करून त्यांनी जगापुढे मांडली होती. त्यामुळे स्वतःचं दुबळेपण कॅमेऱ्यापुढे ठेवायला ते तयार झाले, आणि हा होकार त्यांच्या आयुष्यभराच्या वागण्याशी जुळणारा होता. तुमच्या आईनं आयुष्यभर आपलं दुखणं चार भिंतींत ठेवलं असेल तर तिचा न दिलेला होकार तुम्हाला आधीच ठाऊक आहे. अशा घरात फिल्म होऊ शकते, पण ती तुमची होईल. आई पाठमोरी, आवाजातून, वस्तूंतून.

कायद्याचं थोडं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा तिची माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. हॉस्पिटल, डे-केअर, वृद्धाश्रम इथे शूटिंग करायचं तर संस्थेची लेखी परवानगी घ्या, आणि शेजारच्या खाटेवरचे आजोबा चौकटीत येणार नाहीत हेही बघा. तुमच्या वडिलांसाठी मिळालेली परवानगी त्यांना लागू होत नाही.

भावंडांशीही आत्ताच बोला. फिल्म झाल्यावर नाही. घराचा, जमिनीचा वाटा बाकी असेल तर आणखी स्पष्ट बोला, कारण ‘आई कोणाला ओळखत नव्हती’ असं दाखवणारं चित्रीकरण उद्या मृत्युपत्राच्या वादात पुढे येऊ शकतं. सह्या, अंगठे, बँकेची कामं यांचं शूटिंग करूच नका.

आणि मावशी. ब्युरोतून आलेली असो की ओळखीतली, बारा तास आईजवळ असते ती हीच. ‘तिला काय विचारायचं, ती आपलीच आहे’ हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकतो. ती आपली नाही. ती कामावर आहे, नाही म्हटलं तर काम जाईल अशी भीती तिला आहे. तिला एकटीला विचारा, नाही म्हणाली तर पगारावर परिणाम होणार नाही हे आधी सांगा आणि शूटिंगमुळे वेळ वाढला तर त्याचे पैसे द्या.

‘मी कोण, ओळखलंस का?’ हा प्रश्न बंद

घरगुती चित्रीकरणातला सगळ्यात जास्त मिनिटं खाणारा प्रसंग हाच. ‘आज वार कोणता?’, ‘हा कोण? सांग बरं, नाव काय याचं?’ आई चाचपडते, हसून वेळ मारून नेते, मग तिचा चेहरा पडतो. विचारणाऱ्याला वाटतं आपण आजार टिपला. टिपलं जातं ते एका म्हाताऱ्या बाईला परीक्षेला बसवून नापास करणं. डॉक्टर हे प्रश्न विचारतात, पण त्यांना त्याचे गुण मांडायचे असतात. तुम्हाला नाही.

त्याऐवजी स्वतःची ओळख स्वतः द्या : ‘आई, मी सुनील. चहा आणलाय.’ आणि उत्तर आठवावं लागणार नाही असं काहीतरी समोर ठेवा. निवडायला मटाराच्या शेंगा, घडी घालायला टॉवेल, वाती वळायला कापूस, हार्मोनियम, जुनी गोधडी. शब्द हरवले तरी हातांना कामं बरीच उशिरापर्यंत आठवतात. हातांवर कॅमेरा ठेवून दहा मिनिटं गप्प बसा. संकलनात अशा दहा मिनिटांतून फार काही निघतं.

संध्याकाळी सुरू होतं ते ‘मला घरी जायचंय’. स्वतःच्याच घरात बसून आई माहेरी निघते. ‘हेच तुझं घर’ म्हणून वाद घालू नका. फिल्मसाठीही नाही, आणि खरं तर कशासाठीच नाही. ‘घरी कोण कोण आहे गं?’ विचारा. चौसोपी वाडा, विहीर, सत्तर वर्षांपूर्वी गेलेला भाऊ असं काय काय बाहेर येईल. इथे कॅमेरा चालू असावा, पण तो आधीपासून तिथे असला पाहिजे. आई अस्वस्थ झाल्यावर तो आणायला धावू नका.

‘मला जेवायला देत नाहीत’, ‘हिनं माझ्या बांगड्या चोरल्या’ हे या आजारात ठरलेलंच आहे, आणि बोट बहुधा सुनेकडे किंवा मावशीकडे असतं. असा तुकडा संदर्भ सोडून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला तर काय होईल, याचा विचार करा. फिल्ममध्ये घ्यायचाच असेल तर ज्या बाईवर आरोप झाला तिला विचारून घ्या, आणि लागूनच तिची बाजू दाखवा : त्या आरोपानंतर पाच मिनिटांनी तीच आईला घास भरवते आहे.

आंघोळ, डायपर बदलणं, उघडं अंग, रागाचा झटका, रडू कोसळणं. यातलं काय दाखवणार नाही याची यादी पहिल्याच दिवशी लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. मी बाथरूमच्या दारापाशी थांबतो. दार लोटलेलं, आतून पाण्याचा आणि ‘झालं हं आई, झालंच’ असा आवाज. आतलं काही दाखवायची गरजच उरत नाही.

मग टिपायचं काय? जे कोणी टिपत नाही ते. रविवारी सात खणांच्या डबीत भरल्या जाणाऱ्या गोळ्या. दाराला वरच्या बाजूला नव्यानं बसवलेली कडी. संडासाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावलेली पाटी. गॅसचा नॉब काढून ठेवायची जागा. बाबांच्या खिशातली नाव-पत्त्याची चिठ्ठी. बहिणीचा रात्रीचा फोन : ‘तू तिथे बसून सल्ले देऊ नकोस.’ महिन्याचा हिशोब. आईला झोप लागल्यावर सोफ्यावर नुसतीच बसलेली वहिनी. आणि तुम्ही स्वतः. आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी, फोन स्टँडला लावून दहा मिनिटं एकट्यानं बोला. आईबद्दल बोलू नका, त्या आठवड्यात तुमचं काय झालं ते सांगा. चिडलात, ओरडलात, सुटका व्हावीशी वाटली, तेही बोला. वापरायचं की नाही ते नंतर ठरेल. त्या दिवशी बोलला नाहीत तर पुढे ते तुम्हालाही आठवणार नाही.

यंत्रं कमीत कमी

फोन पुरतो. मोठा कॅमेरा, दिवे, माइकवर झालर असलेली काठी हे सगळं पाहून धडधाकट माणूसही गोंधळतो. ‘द एटर्नल मेमरी’च्या वेळी कोविडची टाळेबंदी आली, टीमला घरात जाता येईना, तेव्हा बायकोनं, पाउलिना उरुतियानं, स्वतः चित्रीकरण केलं. त्यातलं काही धूसर आहे, फोकस सुटलेलं आहे. तरी ते फिल्ममध्ये आहे, कारण तिथे दुसरं कोणीच पोचू शकलं नसतं.

काही गोष्टी मात्र सांभाळा. फोन आडवा धरा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ३० फ्रेम्सवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर १/५० ठेवा. आयफोनमध्ये त्यासाठी सेटिंगमध्ये ‘पाल फॉरमॅट’ सुरू करावा लागतो, अँड्रॉइडमध्ये प्रो मोड बघा किंवा वेगळं ॲप घ्या. एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर खिडकीसमोरून कोणी गेलं की अख्खी खोली उजळते-विझते. कॅमेरा बसलेल्या आईच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा. उभ्यानं वरून घेतलेल्या चित्रात प्रत्येक म्हातारं माणूस केविलवाणं दिसतं. स्क्रीन तिच्याकडे वळवू नका. आजार वाढल्यावर काहींना स्वतःचा चेहरा ओळखू येत नाही आणि ‘ही कोण बाई?’ म्हणून भीती वाटते.

खरी कसोटी आवाजाची. चित्र वाईट असेल तर लोक बघतात, शब्द कळत नसतील तर उठून जातात. कॉलरला माइक लावू नका, बाबा तो चाचपत बसतील आणि काढतील. छोटा रेकॉर्डर किंवा दुसरा फोन उशीपाशी, टीपॉयवर, देवघराच्या कट्ट्यावर ठेवा. फ्रिज तासाभरासाठी बंद करता येतो (किल्ली किंवा मोबाइल आत ठेवा, म्हणजे परत सुरू करायचं विसरणार नाही). पंखा बंद करून आईला घामाघूम करायचं नाही. वेग कमी करा आणि रेकॉर्डर वाऱ्याच्या झोताबाहेर ठेवा. प्रत्येक खोलीचा, कोणी बोलत नसतानाचा मिनिटभर आवाज वेगळा घेऊन ठेवा. संकलन करणारा तुम्हाला दुवा देईल.

दिवसातली वेळ

सकाळी नाश्त्यानंतर, आंघोळीच्या आधी नव्हे तर नंतर, साधारण अर्धा तास. बहुतेकांना हीच वेळ मानवते. ऊन उतरलं की कित्येक रुग्ण बेचैन होतात, येरझाऱ्या घालतात. त्या वेळी नवं माणूस, नवी वस्तू, नवा प्रकाश काहीच नको. तुमची आई संध्याकाळीच खुलत असेल तर अर्थात तुमचं घड्याळ खरं.

मागून जाऊ नका, समोरून या, नाव घ्या, बसा. कॅमेरा शूटिंग नसतानाही स्टँडवर कोपऱ्यात राहू दे, म्हणजे तो घरातल्या सामानात मुरतो. आणि खोलीत आईसोबत तुमच्याशिवाय आणखी कोणी असावं. तोल गेला, ठसका लागला, तर चित्रीकरण करणाऱ्याचे हात रिकामे नसतात. घरात दुसरं कोणी नसेल त्या दिवशी कॅमेरा फक्त स्टँडवर.

जुन्या गोष्टी बाहेर काढा, आजच

कर्स्टन जॉन्सन व्यवसायानं कॅमेरावूमन. जगभर शूटिंग करून आलेली. तिच्या आईलाही अल्झायमर होता, आणि आईचं जे चित्रीकरण तिच्याकडे उरलं ते आजारपणातलं. वडिलांच्या वेळी तिनं लवकर सुरुवात केली त्यामागे ही खंत होती.

तेव्हा माळ्यावरच्या व्हीएचएस, मुंजीच्या कॅसेट, पत्रं, शाळेची हजेरीपुस्तकं, आईच्या अक्षरातली लोणच्याच्या प्रमाणांची वही, सगळं काढा. टेप बुरशी धरतात आणि त्या चालवणारी यंत्रं दुर्मीळ होत चालली आहेत, त्यामुळे डिजिटल करून घ्यायचं काम पुढे ढकलू नका. फोटोंच्या मागे नावं लिहा. ती सांगू शकणारी आत्या, मामा अजून आहेत तोवर त्यांना सोबत बसवा आणि तेही रेकॉर्ड करा. अल्बम आईपुढे ठेवताना ‘हा कोण?’ विचारू नका. ‘ही बघ तुझी पैठणी’ म्हणा आणि गप्प राहा.

साठवण

रोज रात्री फोनमधलं काढून दोन वेगळ्या डिस्कवर टाका, तिसरी प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. ४के चित्रीकरण मिनिटाला साधारण १७० एमबी खातं, म्हणजे तासाला दहा जीबी. घरगुती कामाला १०८० पुरेसं आहे. फाइलला तारीख आणि एक वाक्य : ‘मटार सोलणे, अण्णांची आठवण’. हे वाक्य त्याच दिवशी लिहा.

संकलन : उताराची रांग लावू नका

पहिला मोह असतो तारखेप्रमाणे लावायचा. चालती-बोलती आई, मग काठी, मग खाट, मग फोटोला हार. अशा मांडणीत प्रेक्षक फक्त शेवटाची वाट बघत बसतो. त्याऐवजी सांभाळणाऱ्याचा बदल ओळीनं लावा. आधी दुरुस्त करणारे तुम्ही, मग चिडलेले, मग मावशीकडून शिकलेले, मग तिच्या जगात शिरून गप्पा मारणारे. आईची चित्रं त्यात मागे-पुढे जाऊ शकतात. तिच्या मनात काळ तसाच मागे-पुढे जात असतो.

एकच प्रश्न वीसदा विचारला जाणं हा सांभाळण्यातला खरा छळ. तो कसा दाखवायचा? पाच सेकंदांचे वीस तुकडे एकापुढे एक जोडले की प्रेक्षक हसतो, आणि हसतो तो आईला. मी शक्यतो एक अखंड शॉट ठेवतो, तीन-चार मिनिटांचा, आणि उत्तर देणाऱ्याचा आवाज कसा बदलत जातो त्यावर लक्ष राहू देतो. प्रेक्षकालाही थोडं कंटाळू दे.

माणसाला संत करू नका. अमेरिकन दिग्दर्शक ॲलन बर्लिनरनं नात्यातल्या एडविन होनिग या कवीचा अल्झायमर पाच वर्षं टिपला. कवी म्हणून मोठा असलेला हा माणूस बाप म्हणून किती अवघड होता, तेही २०१२च्या त्या फिल्ममध्ये आहे. तुमचे बाबा तापट होते, आईला कधी बोलू देत नव्हते, आणि आता तीच त्यांना भरवते आहे. हे गाळलंत तर आईचं भरवणं अर्धं कळेल.

जे घडलं नाही ते घडल्यासारखं जोडू नका. ब्रिटनमध्ये २००७ साली पॉल वॉटसननं पियानोवादक माल्कम पॉइंटन आणि त्याच्या बायकोवर केलेल्या माहितीपटाची जाहिरात अशी झाली की शेवटी पेशंटचा मृत्यूच दिसतो. प्रत्यक्षात तो त्या प्रसंगानंतर अडीच दिवसांनी गेला होता. बातम्यांत गाजलं ते हेच, आणि वर्षानुवर्षांचं निष्ठेनं केलेलं चित्रीकरण बाजूला राहिलं.

संगीताच्या बाबतीत हात आखडता घ्या. कारुण्याची बासरी नकोच. आई गुणगुणते तेच ठेवा, पण मागे रेडिओवर मूळ गाणं वाजत असेल तर हक्कांचा प्रश्न येतो. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावर ६० वर्षं हक्क असतो, आणि शब्द-चालीचे हक्क वेगळे. हरिपाठ, तुकोबांचे अभंग यांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत, कॅसेटमधलं कोणाचं तरी गायन मात्र असू शकतं. सोपा मार्ग म्हणजे आईसोबत तुम्हीच म्हणा. बेसूर चालेल.

दाखवण्याआधी

पहिला प्रयोग घरात, फिल्ममध्ये दिसणाऱ्या सगळ्यांसाठी. मावशीसुद्धा खुर्चीवर बसून बघेल, चहा दुसरं कोणीतरी करेल. कोणी ‘हे काढ’ म्हटलं तर कारण विचारू नका, काढा. एखाद्या तुकड्यावाचून फिल्म कोसळत असेल तर ती आधीच नीट उभी नव्हती.

मग चौकटीतले तपशील तपासा : औषधाच्या चिठ्ठीवरचं नाव, पासबुक, आधार कार्ड, इमारतीची पाटी, फोन नंबर. दुपारी एकटं असणारं म्हातारं माणूस आणि घराचा पत्ता एकत्र दिसणं चोराच्या सोयीचं. यूट्यूबवर टाकायची तर आधी ‘अनलिस्टेड’ ठेवून नातेवाइकांना लिंक द्या, महिनाभर थांबा आणि मग ठरवा. जाहीर केलीत तर कॉमेंट बंद ठेवण्यात काही गैर नाही. ‘माझ्या आईला असं टाकलं नसतं’ लिहिणारे पहिल्या दिवशी येतातच.

महोत्सवात पाठवायची तर मुंबईतला ‘मिफ’ दर दोन वर्षांनी खास माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी भरतो. नाट्यगृहात किंवा सभागृहात जाहीर प्रयोग करायचा तर सेन्सॉर प्रमाणपत्राची चौकशी आधी करा. माझ्या मते अशा फिल्मची खरी जागा छोटी आहे : ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालयाचा हॉल, सोसायटीचं क्लबहाउस. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो, त्या सुमारास संस्थांना असे कार्यक्रम हवेच असतात. नंतर बोलायला एखादा डॉक्टर आणि एखादी सांभाळणारी बाई असू दे, आणि माइक आधी त्या बाईच्या हातात द्या. फिल्म संपल्यावर लोक तुमच्याकडे येतील ते कॅमेऱ्याचं विचारायला नाही. ‘आमच्याकडे पण असंच आहे, कुठे जाऊ?’ हे विचारायला येतील. म्हणून शेवटच्या पाटीवर आभारांच्या आधी दोन नंबर टाका : ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ १४४१६. मोठ्या अक्षरात, निदान दहा सेकंद.